आधी बघणं, मग चहा

ईरा, मागच्या रविवारी तू फोनवर विचारलंस, तुमच्या शाळेने केक विकून जी मदत पाठवली तिचा तिकडच्या मुलांना खरंच उपयोग झाला का, हे कसं कळणार? मी म्हटलं, "कळतं गं, ते लोक कळवतात." अनय मागून ओरडला, "आजीला सगळं माहीत असतं!" आणि आपण दुसऱ्या विषयावर गेलो.

फोन ठेवल्यावर मला माझी लाज वाटली. देवरे बाई असत्या तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या असत्या, "कळवतात? कोण कळवतात? ज्यांना पुन्हा मदत पाहिजे, ते?"

म्हणून त्यांच्याबद्दल लिहिते आहे. तुमच्या आईने तुम्हाला मराठी वाचायला शिकवलं आहे, त्याचा काही उपयोग होऊ दे.

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका धर्मादाय ट्रस्टमध्ये काम करत होते. ट्रस्ट खेड्यापाड्यांतल्या लोकांना वस्तू देत असे आणि छोट्या कामांना मदत करत असे. त्यातली बरीच मदत परदेशातल्या देणगीदारांकडून यायची. त्यांना इंग्रजीत पत्रं लिहिणं, अहवाल भाषांतर करून टाइप करणं हे माझं काम. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, अक्षर स्वच्छ, फायली क्रमाने लावलेल्या. ट्रस्टचे अध्यक्ष सगळ्यांचे दादासाहेब होते. पांढरे बूट, पांढरी मोटार, आणि हार घालून घेताना मान किती वाकवायची याचा चांगला सराव.

एका देणगीदाराने लिहिलं की आम्ही दिलेल्या वस्तूंचं पुढे काय झालं ते बघायला एक माणूस नेमा. दादासाहेबांनी स्वस्तातला माणूस शोधला. सटाण्याकडच्या प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या देवरे बाई. नवरा लवकर गेलेला, मूल नाही. पायात पुरुषी चपला, खांद्याला रेक्झिनची पिशवी, पिशवीत शाळेतून आणलेला एक कोरा हजेरीपट. ओठ इतके पातळ की मिटले म्हणजे तोंड आहे की नाही असा प्रश्न पडावा.

पहिल्या दिवशी मी त्यांच्यासाठी चहा मागवला. त्यांनी कपावर बशी पालथी घातली.

"आधी काम दाखवा. आधी बघणं, मग चहा."

"थंड होईल, बाई."

"होऊ द्या. चहा पोटात गेला की माणसाला सगळं बरं दिसायला लागतं."

हा त्यांचा नियम होता आणि त्या तो खेड्यातही पाळत. तुम्हाला कल्पना नाही, आपल्याकडे दारात आलेल्या माणसाने चहाला नाही म्हणणं म्हणजे काय ते. बायांचे चेहरे पडत. देवरे बाईंना त्याचं काही वाटत नसे. दुसरा नियम असा की घरात पुढच्या दाराने जायचं नाही. "पुढच्या दारात आपल्यासाठी रांगोळी काढलेली असते," त्या म्हणत. "मागच्या दारात काय असतं ते बघा." त्या थेट परसात शिरत. तिथे धुणं धुणाऱ्या सुनेला विचारत, सासूला कधीच नाही. हजेरीपटात मुलांच्या नावांच्या जागी घरांची नावं लिहीत, आणि पुढे रकाने: काय दिलं, काय झालं, काय म्हणाले. शेवटचा रकाना होता, काय बोलले नाहीत. तोच सगळ्यांत जास्त भरलेला असे.

मला त्या "इंग्रजी बाई" म्हणत. मला ते आवडत नसे आणि त्यांना ते माहीत होतं.

विंचूरकडच्या एका गावात ट्रस्टने पाण्याचे फिल्टर वाटले होते. दोन वर्षांनी दादासाहेब ते बघायला निघाले. बरोबर मी आणि एक फोटोग्राफर. देवरे बाई सकाळच्या एसटीने आधीच पोचल्या होत्या. एका घरात फिल्टर बैठकीत टीव्हीशेजारी ठेवलेला, त्यावर क्रोशाचं झाकण, तोटीला हळदकुंकू. घरच्या बाईंनी नव्या ग्लासात पाणी काढलं. मी ग्लास घेतला आणि दादासाहेबांच्या हातात दिला. ते एका दमात प्यायले, ओठ पुसले आणि म्हणाले, "अमृत!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. देवरे बाईसुद्धा वाजवत होत्या, म्हणून मला शंका आली.

परतताना जीपमध्ये मी हळूच विचारलं.

"फिल्टरमध्ये पाणी गाळायची कँडलच नाही," त्या म्हणाल्या. "ती खोक्यात आहे, माळ्यावर. सकाळी सुनेने विहिरीतलं पाणी तसंच ओतलं. मी परसात उभी होते."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"दोन वर्षं अख्खं गाव ते पितंय. साहेबांनी एक ग्लास प्यायला."

दादासाहेब चार दिवस ऑफिसात आले नाहीत. देवरे बाईंनी त्याच दिवसांत अहवाल लिहिला. कँडल लावली की त्या फिल्टरमधून पाणी थेंबथेंब यायचं आणि घरात माणसं अकरा. सासूने ठरवलं होतं की ऑफिसची वस्तू वापरून खराब करायची नाही, उद्या परत मागितली तर? 'वाटण्याआधी घरात किती माणसं पाणी पितात एवढं आपण विचारलं नाही,' असं बाईंनी लिहिलं होतं. त्या अहवालानंतर ट्रस्टच्या कामात एक बदल झाला. दादासाहेब दौऱ्यावर घरची पाण्याची बाटली नेऊ लागले.

त्या लबाड होत्या, दुष्टही होत्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण मेलेल्या माणसांना साखरेत घोळवायची पद्धत आहे आणि देवरे बाईंना गोड खपत नसे. ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्यांना आम्ही कानाची यंत्रं दिली होती. वर्षाने त्यांना एका मंगल कार्यालयात जमवलं. सगळे यंत्रं लावून, टोप्या घालून रांगेत बसले. दादासाहेबांनी माइकवर विचारलं, "ऐकू येतं ना?" सगळ्यांनी हात वर केले, कारण पहिल्या रांगेतल्याने केला होता.

देवरे बाई खुर्च्यांच्या मागून चालत गेल्या. प्रत्येकाच्या पाठीशी थांबून अगदी सौम्य आवाजात म्हणाल्या, "आजोबा, तुमचं धोतर सुटलंय."

अख्ख्या रांगेत एकाच म्हाताऱ्याचा हात कमरेकडे गेला. बाकीचे समोर बघून हसत राहिले. एक तर मान डोलावून म्हणाला, "लय उपकार झाले!" माझ्या पोटात हसू मावेना. मग बाई त्याच्या समोर जाऊन उकिडव्या बसल्या, त्याच्या कानातलं यंत्र काढलं आणि उघडलं. आत सेलच नव्हता. सेल फक्त नाशकात मिळत. गावातून यायचं तर त्याचा एक दिवस जायचा. तो यंत्र पुसून पेटीत ठेवायचा आणि आम्ही बोलावलं की लावून यायचा.

"मग आज कशाला लावलं, बाबा?" बाईंनी त्याच्या कानाशी ओरडून विचारलं.

म्हातारा गोंधळला. "तुमाला बरं वाटावं म्हनून," तो म्हणाला.

सगळ्या कार्यालयाने ते ऐकलं. म्हातारा मात्र मान खाली घालून बसला, आणि बाईंनी त्याला तसंच बसू दिलं. मी नंतर म्हटलं, चारचौघांत त्याचा अपमान करायला नको होता. त्या म्हणाल्या, "तुम्ही हसत होता तेव्हा कोणाचा मान चालला होता?"

सेल पाठवण्याची शिफारस त्यांनी केली. सभेत दादासाहेब म्हणाले, सेलचा फोटो काय काढणार? त्या वर्षी आम्ही नव्या म्हाताऱ्यांना नवी यंत्रं दिली.

आता यमुनाची गोष्ट. ती सांगायची म्हणूनच मी इतकं लिहिलं.

घोटीच्या पुढे डोंगराकडच्या वाड्यांवर ट्रस्टच्या बालवाड्या होत्या. मुलांना रोज एक शेंगदाण्याचा लाडू. दर महिन्याला मुलांचं वजन करायचं. आढ्याला एक काटा टांगलेला असायचा, त्याच्या झोळीत मूल बसवायचं आणि आकडा तक्त्यात लिहायचा. देणगीदाराला वजन वाढलेलं हवं होतं. टेकडीवरच्या वाडीतली बालवाडी यमुना नावाची बाई चालवायची. सातवी शिकलेली, नवरा सोडून गेलेला. ट्रस्टच्या मानधनावर ती, तिची आई आणि तिची मुलगी जगत होत्या. बालवाडी तिच्याच ओटीवर भरायची.

देवरे बाईंनी सगळ्या बालवाड्यांचे तक्ते माझ्या टेबलावर पसरले. बहुतेक तक्त्यांत प्रत्येक मूल दर महिन्याला पाव किलोने वाढलं होतं. उन्हाळ्यात पाव, पावसाळ्यात पाव, गोवर आला त्या महिन्यातही पाव.

"ही पोरं आहेत की भोपळे?" त्या म्हणाल्या.

यमुनाचा तक्ता तेवढा वेडावाकडा होता. आकडे चढत, उतरत, आणि वर्षाच्या शेवटी जवळजवळ तिथेच येत. आम्ही दोघी तिच्याकडे गेलो. बाई परसातून शिरल्या. यमुना चुलीपाशी होती, दचकून उठली.

"बसा ना बाई, चहा टाकते."

"चहा मग. तुझी पोरं का वाढत नाहीत?"

यमुनाचा चेहरा उतरला. "लाडू रोज देते, बाई. आईची आन. एक बी घरात ठेवत नाय."

"मी चोरी म्हटलं का? का वाढत नाहीत ते विचारलं."

यमुनाने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या फाइलकडे बघितलं.

"खोटं कसाले बोलस?" बाई एकदम त्यांच्या घरच्या अहिराणीत म्हणाल्या. इतक्या मऊ आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मग मराठीत, "खरं सांग. खरं सांगितलं म्हणून तुझं काही जाणार नाही. माझा शब्द."

यमुनाने शेजारणीला हाक मारली. कडेवर मूल घेऊन ती आली. "सांग गं बाईंना. घाबरू नको."

"आता काय सांगायचं," शेजारीण म्हणाली. "ह्यो लाडू खाऊन येतो ना, मंग सांजच्याला त्याची भाकर थोरलीला देते. ती कामाला जाती, तिला नको का?"

"सगळ्याच असं करता?"

"घरात भाकर तेवढीच हाय, बाई."

देवरे बाईंचा चेहरा उजळला. खरंच उजळला. त्या दिवशी त्यांनी दोन कप चहा घेतला आणि परतताना एसटीत माझा दंड धरून म्हणाल्या, "इंग्रजी बाई, लाडू पोचतोय! फक्त ज्याच्या तोंडात जातो त्याच्या अंगाला लागत नाही, त्याच्या बहिणीच्या लागतो. आपण चुकीच्या पोराचं वजन करतोय. थोरलीला पण लाडू द्या, मग बघा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी आपल्याला काही शिकवलं."

त्यांनी चार पानी अहवाल लिहिला. मी तो इंग्रजीत आणला. देणगीदाराच्या फॉर्ममध्ये प्रत्येक बालवाडीपुढे दोन चौकोन होते, उद्दिष्ट गाठलं आणि उद्दिष्ट गाठलं नाही. यमुनापुढे मी 'नाही'वर खूण केली. त्याचं कारण शेवटच्या परिशिष्टात लिहिलं, मुद्द्यांना क्रमांक घालून, एकही चूक न करता. परिशिष्ट कुणी वाचत नाही हे मला ठाऊक होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

सभेत ठरलं की उद्दिष्ट न गाठणारी बालवाडी बंद करायची. तशी एकच होती. पाव किलोवाल्यांना 'आदर्श बालवाडी'च्या ढाली द्यायच्या होत्या.

देवरे बाई उभ्या राहिल्या. "ते तक्ते खोटे आहेत. मी लिहिलंय तसं."

"ढाली कोरून आल्यात, बाई," दादासाहेब म्हणाले.

"मी तिला शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिला, ट्रस्टने नाही. आणि मोजा, मोजा म्हणून आमच्या मागे कोण लागलं होतं? मोजलं. आता?"

"मोजलं. शिकलो काय?"

"शिकायला आपण शाळा काढलेली नाही," दादासाहेब म्हणाले, आणि सभेत हशा पिकला. मी इतिवृत्त लिहीत होते. हशा लिहायची पद्धत नसते.

वजनाचा काटा परत आणायला बाई स्वतः गेल्या. मला पोचपावतीवर सही घ्यायला पाठवलं होतं. त्या दिवशी बाई पहिल्यांदा पुढच्या दाराने गेल्या. मुलं वाट्या घेऊन ओटीवर बसली होती. यमुनाने स्टुलावर चढून काटा उतरवला, पदराने पुसला, झोळी घडी करून वर ठेवली. सही केली. अक्षर छान होतं तिचं.

"बाई, तुम्ही म्हनला होता खरं सांग."

देवरे बाई काटा पिशवीत घालू लागल्या.

"नाय, राग नाय. पुढल्या टायमाला कोनी आलं तर मला ठाव हाय काय लिहायचं." मग ती म्हणाली, "आता बघायचं काय राहिलं नाय. चहा घ्या."

बाईंनी तो चहा उभ्यानेच प्यायला. मी पण प्यायले. मुलं आमच्याकडे बघत होती. लाडवाची वेळ झाली होती.

पुढच्या पावसाळ्यात त्या वाडीतली दोन मुलं गेली, यमुनाच्या पटावरची. तापाने गेली, असं कळलं. लाडू चालू असता तर त्यांनी ताप काढला असता का, हे कोणी मोजलं नाही. त्याचा फॉर्म नव्हता.

बातमी आली त्या दिवशी देवरे बाईंनी हजेरीपट माझ्या टेबलावर आणून ठेवला. "तुमच्या कपाटात ठेवा. तुम्हाला कागद सांभाळायची हौस आहे." त्यानंतर त्या कामावर आल्या नाहीत. यमुना पोटासाठी द्राक्षांच्या बागेत कामाला गेली, एवढं ऐकलं. मी मात्र निवृत्तीपर्यंत काम केलं. मला निरोपाला घड्याळ मिळालं, तेच जे तुम्ही इथे आलात की अनय काढून खेळतो.

पुढे, तुमची आई कॉलेजात होती त्या वर्षांत, ट्रस्टमधून फोन आला. शहराबाहेर त्यांच्या मदतीवर एक वृद्धाश्रम चालत होता. दिल्लीहून तपासणीला एक मुलगी आली होती, तिला मराठी येत नव्हतं. मी दुभाषी म्हणून येईन का? मी गेले.

मोठी खोली, दोन्ही बाजूंना खाटा, प्रत्येक खाटेवर निळी चादर आणि चादरीवर एक म्हातारी. खिडकीजवळच्या चौथ्या खाटेवर देवरे बाई होत्या. सटाण्याचं घर पुतण्याने लिहून घेतलं, हे मला नंतर कळलं. त्या निम्म्या झाल्या होत्या. पाय सुजलेले, ब्लाउजला बटणांच्या जागी टाचण्या. ओठ मात्र तेच. त्यांनी मला ओळखलं आणि ओळख दाखवली नाही.

मुलगी चांगली होती, ईरा. तुझ्यासारखीच होती. तिने मांडीवर फॉर्म ठेवून विचारलं, मी मराठीत सांगितलं, "जेवण कसं असतं?"

"उत्तम. गरम असतं."

"डॉक्टर येतात?"

"दर आठवड्याला."

"कोणी ओरडतं, मारतं का?"

"छे. मुलीसारखं बघतात."

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या दंडावर चार बोटांचे काळे वळ होते. तिने पदर ओढून घेतला. आणि मला चादर दिसली. देवरे बाईंच्या खालच्या चादरीवर घडीचे चौकोन होते, दुकानातून आणलेल्या कापडावर असतात तसे ताठ. सगळ्या खाटांवर होते. बाईंचा तळवा त्यांच्या मांडीशेजारच्या घडीवरून सावकाश फिरत होता, ती दाबत होता.

मी त्यांच्याकडे वाकले. "बाई, मी हिला खरं सांगू का? ती लिहील."

"लिहील, आणि मग?" त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "या वीसजणी कुठे जातील? तुमच्या घरी?" मग अगदी हळू, "माले समदं दिसस. तुम्ही लिखा. उत्तम."

मुलीने विचारलं, काय म्हणाल्या? मी इंग्रजीत सांगितलं, त्या फार समाधानी आहेत.

मुलगी उठली. तिला स्वयंपाकघर आणि मागची बाजू बघायची होती. व्यवस्थापक बाई दारातच चुळबुळत होत्या. तेवढ्यात देवरे बाई मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, पाहुण्यांना असंच फिरवताय? आधी चहा घ्या. बघणं काय, मग होईल."

चहा तयारच होता. बिस्किटं होती. मुलीने घड्याळ बघितलं, तिला नाशिकहून गाडी पकडायची होती. मी कप तोंडाला लावला. चहा गोड होता. मुलीने फॉर्म मिटला.

मोटार मागच्या अंगाला उभी होती, म्हणून जाताना आम्ही परसातून गेलो. मुलगी फोनवर बोलत पुढे निघून गेली. मी खिडकीशी थांबले. आत सगळ्या म्हाताऱ्या खाली उतरून उघड्या, डागाळलेल्या गाद्यांपाशी उभ्या होत्या आणि व्यवस्थापक बाई कपड्यांची मोठी पिशवी उघडून धरून होत्या. देवरे बाई भिंतीला धरून खाटांच्या मधून चालत होत्या आणि प्रत्येकीच्या हातातल्या निळ्या चादरीची टोकं जुळवत होत्या.

"अशी नाही," त्या सांगत होत्या. "पहिल्याच घडीवर घाला. पुढच्या वेळी नवी दिसायला पाहिजे."